आधी, नंतर, पाणी

५ जानेवारी

दादासाहेब,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे आधी चार कागद फाडावे लागतात. हा पाचवा आहे, आता हाच पाठवतो.

स्टुडिओ बंद केल्यावर मी मासेमारीची एक बोट घेतली, हे तुमच्या बहिणीने कळवलं असेलच. चौदा फुटी, सपाट तळाची. आमच्या तळ्यात पेट्रोलच्या इंजिनाला बंदी आहे, म्हणून मागे विजेची मोटर लावली. दुकानदार तिला ट्रोलिंग मोटर म्हणतो. आवाज नाही, धूर नाही, मासे बिचकत नाहीत. मोटर चोवीस व्होल्टची आहे, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडायच्या. इथपर्यंत मला कळलं. पुढचं कळत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा ती अर्ध्या वाटेत मंदावली.

नुसती मासेमारी असती तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण मला एक सवारी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी नवाच्या ठोक्याला पलीकडच्या काठावर पोहोचवायची, दुपारी परत आणायची. तिला उशीर होऊन चालत नाही, आणि मधे अडकून तर अजिबातच चालत नाही. बोटीने पंचवीस मिनिटं लागतात. रस्त्याने वळसा घालून, खड्डे खात, दोन तास. तुम्ही चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरी रूम सांभाळलीत. कुठल्या बॅटऱ्या घेऊ, कशा सांभाळू, एवढं लिहून कळवा. बाकी काही मागत नाही.

तुमची धाकटी बहीण मजेत आहे.

तुमचा,
दाजी

११ जानेवारी

दाजी,

आपलं पत्र पोहोचलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात आपण मला काही विचारलंत ही पहिलीच वेळ. तारीख लिहून ठेवली आहे.

आपण आधी फोटो काढत होता. माझ्या निवृत्तीच्या समारंभाचे छत्तीस फोटो अजून कपाटात आहेत. एकातही माझे डोळे उघडे नाहीत. तो उद्योग संपला, आता आपण माशांच्या मागे लागलात. बरं झालं. मासे डोळे मिटत नाहीत.

सध्या कुठल्या बॅटऱ्या बसवल्या आहेत हे आपण लिहिलं नाहीत, पण मी इथे बसून सांगतो: मोटारगाडीच्या. गॅरेजवाल्याने दिल्या आणि आपण घेतल्या. गाडीची बॅटरी इंजिनाला एक धक्का द्यायला असते. तिच्या प्लेटा पातळ. पाच सेकंद जोर दाखवायचा आणि मग दिवसभर स्वस्थ बसायचं. आपल्या स्वभावाला शोभेल अशी वस्तू आहे, पण बोटीला उपयोगाची नाही. बोटीला जाड प्लेटांची, तासन्‌तास सावकाश वीज देत राहणारी बॅटरी लागते. डीप सायकल म्हणून मागा. शंभर अँपिअर-अवरच्या दोन. एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या, एकाच दिवशी घेतलेल्या. एक जुनी आणि एक नवी असा संसार मांडू नका. जुनी स्वतः मरते आणि नवीलाही घेऊन जाते.

निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. काठाला लागलात की आधी चार्जर, मग आपला चहा. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं नाही, गाळलेलं नाही, उकळलेलं नाही. तेही चार्जिंग पुरं झाल्यावर. आधी घातलंत तर ॲसिड फुगून वर येतं. टर्मिनलवर पांढरं धरलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं आणि वर व्हॅसलीन. चार्जिंग बंद खोलीत नको. त्या वेळी जो वायू निघतो त्याला एक ठिणगी पुरते, आणि आपला स्टुडिओ तर धंद्याने आधीच उडवला आहे.

यातलं काहीही आपण करणार नाही, हे मी धरून चालतो. म्हणून सोबत दोन वह्या पाठवल्या आहेत. रकाने मी स्वतः पट्टीने आखले आहेत: तारीख, आधी, नंतर, पाणी, शेरा. निघण्याआधी किती व्होल्ट, परतल्यानंतर किती, पाणी किती घातलं. शेऱ्याचा रकाना माझा, त्यात आपण लिहायचं नाही. महिना संपला की पान फाडून इकडे पाठवायचं, मी तपासून परत पाठवीन. माझ्या हाताखालच्या माणसाचं पान लाल शाईशिवाय परत गेलं असं चौतीस वर्षांत दोनदाच घडलं आहे. आपल्याला ती चिंता नाही.

ही सवारी कोण? नवाच्या ठोक्याला पलीकडे पोहोचायची निकड असलेला माणूस आपल्या भरवशावर बसतो, म्हणजे त्याची चौकशी कमी पडली. धाकटीला मात्र त्या बोटीत बसवू नका. लहानपणी ती हौदात पडली होती, मीच बाहेर काढली. तेव्हापासून पाण्याला घाबरते.

दादा

६ फेब्रुवारी

दादासाहेब,

वह्या मिळाल्या. रकाने इतके सरळ आहेत की त्यात लिहायला संकोच वाटतो. जानेवारीचं पान सोबत आहे.

गाडीच्याच बॅटऱ्या होत्या. तुम्ही इथे येऊन पाहिल्यासारखं लिहिलंत. त्यातली एक काढून तुम्ही सांगितलेली डीप सायकल घेतली. दुसरी तेवढी ठेवली आहे. चांगली चालते आहे, काढून टाकायला मन होईना. दोन्ही मिळून निघताना पंचवीस पूर्णांक एक, परतल्यावर चोवीस पूर्णांक दोन. चार्जर व्हरांड्यात ठेवला आहे, उघड्यावर.

फोटोंचं म्हणाल तर डोळे तुम्ही मिटायचे आणि बोल मला लावायचा, हे बरं नाही. छत्तीस वेळा सांगितलं होतं, इकडे बघा म्हणून.

सवारीचं काय सांगू? वेळेची पक्की आहे. माझ्याआधी काठावर येऊन उभी असते. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं; स्टुडिओ उडाला तिथे फार हसली. पलीकडे साडेचार तास थांबावं लागतं, तेव्हा मी गळ टाकून बसतो.

धाकटी ठीक आहे. तुमच्या दोन वह्यांपैकी एक तिने मागून घेतली.

तुमचा,
दाजी

१३ फेब्रुवारी

दाजी,

पान तपासलं. परत पाठवतो आहे. लाल शाईची अर्धी बाटली संपली, दुसरी आणायला सांगितली आहे.

एक जुनी, एक नवी असा संसार मांडू नका, हे मी मराठीत लिहिलं होतं. माझी समजूत होती की आपल्याला ती भाषा येते. आपण नेमकं तेच केलंत, वर 'मन होईना' असं कारण दिलंत. बॅटरी रूममध्ये हे कारण मी कधी ऐकलं नव्हतं. रिले जळाला, पाणी संपलं, उंदराने वायर कुरतडली, हे सगळं ऐकलं. मन होईना हे प्रथमच.

गाडीची बॅटरी आधी रिकामी होईल. डीप सायकल तिला ओढत राहील. एक दिवस वारा समोरून असेल, आपण मोटरचा वेग पाचवर लावाल, आणि मधोमध सगळं थंड पडेल. तेव्हा आपल्या सवारीला माझं पत्र वाचून दाखवा, तिला हसू येईल.

वह्या बॅटरीसाठी दिल्या होत्या. धाकटीला दूध-भाजीचा हिशोब लिहायला हवी असेल तर मला सांगावं, वेगळी पाठवीन.

दादा

३ मार्च

दादासाहेब,

तुम्ही लिहिलंत तसंच झालं. अगदी शब्दाला शब्द. २४ तारखेला वारा समोरून होता, मी मोटर पाचवर लावली, आणि मधोमध पंखा फिरायचा थांबला. वल्ही काढली. पाऊण तास उशीर झाला. सवारी एक अक्षर बोलली नाही, नुसती बोटीचा काठ धरून बसली. पोहोचलो तेव्हा तिथले लोक दारात उभे होते, त्यांनी तिला लगेच आत नेलं. मी काठावर बसून राहिलो. त्या दिवशी गळ टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नव्या आणल्या. एकाच महिन्याच्या, एकाच पेटाऱ्यातून निघालेल्या. दुकानदाराकडून तळाचा शिक्का दाखवून घेतला. जुनी परत देऊन आलो, मन झालं.

आता एक विचारतो, त्याचं उत्तर सरळ द्या. बॅटरी दगा देणार हे आधी कळण्याची काही खूण असते का? मला पुन्हा तो दिवस नको आहे. काहीही सांगा, तसं करीन.

फेब्रुवारीचं पान सोबत आहे. घाईत फाडलं, कडेला जरा फाटलं आहे.

तुमचा,
दाजी

९ मार्च

दाजी,

खूण असते. एका बॅटरीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात; प्रत्येक सेलचं ॲसिड हायड्रोमीटरने आठवड्यातून एकदा बघायचं. काचेच्या नळीतला तरंगता काटा बाराशे पासष्टला हवा. पाच सेल बाराशे साठ आणि एकच अकराशे ऐंशी दाखवत असेल, तर तो सेल दगा देणार. सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगितलं. आता पानाकडे वळतो.

दाजी, मी मूर्ख आहे असं आपल्याला कधीपासून वाटू लागलं?

चोवीस व्होल्टची बोट, आणि 'आधी'च्या रकान्यात त्रेपन्न पूर्णांक सहा. 'नंतर' एक्कावन्न पूर्णांक चार. पुढच्या खेपेला त्रेपन्न पूर्णांक नऊ, एक्कावन्न पूर्णांक पाच. अशा बारा ओळी. त्रेपन्न पूर्णांक सहा हा आकडा मला शिकवू नका. आमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या चार्जरवर असताना एवढंच दाखवायच्या. रोज सकाळी दार उघडलं की पहिली नजर त्याच काट्यावर. आपल्या बोटीत तो येऊच शकत नाही. म्हणजे आपण कुठल्या तरी टेलिफोनच्या पुस्तकातून माझाच आकडा उतरवलात, म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून. चौतीस वर्षांत कामचोर पुष्कळ पाहिले, पण खोटं लिहायलाही दुसऱ्याचे आकडे चोरणारा पाहिला नव्हता. प्रत्येक आकड्यावर रेघ मारली आहे.

पाण्याचा रकाना मात्र खरा वाटतो, कारण इतकं खुळचट खोटं कुणी लिहीत नाही. रोज सातशे, आठशे मिली. एक दिवस नऊशे. असं पाणी पिणारी बॅटरी आतून संपलेली असते. तिच्यात काही टिकत नाही, नुसतं पाणी मागते. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. शेऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे ते वाचा: मेलेली आहे, फेकून द्या.

आणि पलीकडे साडेचार तास आपण काय करता हे मला कळत नाही असं समजू नका. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेली वेळ, दारात वाट बघणारे लोक. एवढी वक्तशीर सवारी नसते, पत्त्यांचा अड्डा असतो. धाकटीला मी स्वतः कळवणार आहे.

दादा

२० मार्च

दादा,

ते पान माझं आहे.

तू पाठवलेल्या दोन वह्यांपैकी एक मी घेतली होती, आठवतं? रकाने बघितले आणि म्हटलं, हे तर माझ्यासाठीच आखलेत. तारीख, आधी, नंतर, पाणी. दोन्ही वह्या एकाच फळीवर असतात. ह्यांनी घाईत माझ्या वहीतलं पान फाडून तुला पाठवलं. आकड्यांच्या पुढे व्होल्ट लिहिलेलं नाही, हे तुझ्यासारख्याच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. तिथे किलो आहेत.

माझ्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. गेल्या ऑगस्टपासून. आठवड्यातून तीनदा मला डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागतं, चार तास. 'आधी' म्हणजे मशीनवर जाण्याआधीचं माझं वजन, 'नंतर' म्हणजे उतरल्यावरचं. मधला फरक म्हणजे दोन दिवसांत अंगात साठलेलं पाणी. 'पाणी' म्हणजे दिवसभरात मी किती प्यायले. डॉक्टरांनी आठशे मिली सांगितलंय. चहा, औषध, आमटी सगळं धरून. मी मापाच्या मगातून घोट मोजते. नऊशे लिहिलंय त्या दिवशी गरम फार होत होतं.

सवारी मीच आहे. पत्त्यांचा अड्डा म्हणजे हॉस्पिटल.

तुला कळवायचं नाही अशी मी ह्यांना शपथ घातली होती. का ते सांगते, आणि तू रागाव किंवा नको. तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिला असतास. सगळं हातात घेतलं असतंस. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, माझ्यासमोर, 'दाजी, आपण' करत ह्यांना मूर्ख ठरवलं असतंस. ते ऐकून घेण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही. सव्वीस वर्षं ऐकलं ते पुष्कळ झालं.

स्टुडिओ धंद्याने उडवला असं तू लिहिलंस. स्टुडिओ चालत होता, दादा. मशीनची वेळ नऊची मिळाली आणि स्टुडिओही नऊला उघडायचा. रस्त्याने नेऊन बघितलं चार वेळा. येताना दोन तास मी पिशवीत ओकत यायचे. मग ह्यांनी कॅमेरे विकले आणि बोट आणली. पोहता येत नाही ह्यांना, तुला ठाऊक आहे?

पाण्याची भीती पहिल्या दिवशी वाटली. आता नाही वाटत. मोटर बंद पडली त्या दिवशी हे वल्ही मारत होते, दोन्ही तळहात सोलून निघाले. मी काठ धरून बसले होते ती भीतीने नाही. बोलायला गेले असते तर रडले असते, म्हणून. घरी आल्यावर ह्यांनी तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते पत्र बोटीत बॅटरीच्या डब्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत असतं. टोमण्यांसकट. मी म्हटलं, कामाचं तेवढं उतरवून घ्या, बाकी फाडा. तर म्हणाले, राहू दे, त्यातलं कामाचं कुठलं आणि टोमणे कुठले हे वेगळं काढता येत नाही.

तू तपासून पाठवलेलं पान मी उघडलं. माझ्या वजनावर रेघा. पाण्यावर गोल. खाली तुझ्या वळणदार अक्षरांत: मेलेली आहे, फेकून द्या. मला हसू आलं, खरंच सांगते. हे हसले नाहीत. पान हातातून घेतलं आणि बोटीत जाऊन बसले. बोट बांधलेलीच होती.

तुला सेल कळतो, दादा. माणूस कळत नाही.

धाकटी

२४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

त्रेपन्न पूर्णांक सहा. तो काटा खाली सरकला की मी हातातला डबा टाकून धावायचो. एकदा अनवाणी धावलो होतो, तू हसली होतीस. तोच आकडा तुझ्या हातचा समोर आला आणि मी त्याच्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. सरळ यावी म्हणून दोनदा मारली. मला काय म्हणावं ते मलाच सुचत नाही, आणि दुसऱ्यांना काय म्हणावं हे मला नेहमी पटकन सुचत आलं आहे.

ते पान परत पाठव, जाळून टाकतो. मला ते घरात नको, तुझ्या घरातही नको.

हौदातून मी तुला काढली असं मी गावभर सांगत असतो. खरं तर तू स्वतःच पायरी धरून वर आली होतीस. मी फक्त ओरडलो.

येऊ का? सगळं हातात घेणार नाही. दाजींना काय लिहायचं ते मला येत नाही. तूच सांग काहीतरी.

दादा

२९ मार्च

दादासाहेब,

मला काय लिहायचं ते तुम्हाला येत नाही, असं तुम्ही धाकटीला लिहिलंत. मला येतं. शपथ सुटली आहे, तेव्हा आता लिहितो.

तुम्ही सव्वीस वर्षं मला खालच्या पायरीवर उभं करून बोलत आलात. मी कधी उलट बोललो नाही, त्याचा अर्थ तुम्ही असा काढलात की मला बोलायला काही नाही. मला पुष्कळ होतं. मला तुमची कीव यायची. आपल्या सख्ख्या बहिणीच्या पत्रात आठ महिने 'मजेत आहे' एवढंच येतं, आणि ज्याला सेलमधला पाच अंशाचा फरक कळतो त्याला त्यात काही कमी वाटत नाही. छत्तीस फोटोंत तुमचे डोळे मिटलेले आहेत. समोर जे होतं तेच मी काढलं.

तुमच्या बॅटरीच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. आहे म्हणजे आहे. त्या दोन बॅटऱ्यांवर माझी बायको तळं ओलांडते, आणि त्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे आहेत म्हणून मला मधोमध श्वास घेता येतो. बाकी तुमच्या कुठल्याही मताची मला गरज नाही.

ते पान मिळणार नाही. धाकटीने वहीत परत चिकटवलं आहे. म्हणते, एका महिन्याचे आकडे आहेत, डॉक्टरांना लागतात.

यायचं तर या. माझ्या बोटीत बसायचं असेल तर लाल पेन घरी ठेवून यायचं. सवारीला सल्ला द्यायचा नाही, तिला काय पाहिजे ते ती सांगते. मधल्या फळीवर बसायचं आणि मोटर थांबली तर वल्ही तुम्ही मारायची. आणि डोळे उघडे ठेवून या.

दाजी

३ मे

दाजी,

घरी पोहोचून आठवडा झाला. प्रवास नीट झाला. तळहातांचे फोड अजून आहेत. मोटर बंद पडली नव्हती तरी आपण मला येताना वल्ही मारायला लावलीत, 'सवय असावी' म्हणून. आपण मनात हसत होता हे मला दिसत होतं.

बोटीबद्दल काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. तिथे नाही बोललो, इथून बोलतो. बोट डावीकडे झुकते, कारण दोन्ही बॅटऱ्या आपण एकाच बाजूला ठेवल्या आहेत. एक उजवीकडे न्या, वायर जाड घ्या. बॅटरीच्या डब्याचा पट्टा सैल आहे. मोटर तीनवर चालवलीत तर चार मिनिटं जास्त लागतात आणि वीज निम्मीच जाते. एवढं साधं गणित आपल्याला अजून जमलेलं नाही, आणि माझ्या मते जमणारही नाही.

आता जे तिथे बोलायला पाहिजे होतं आणि बोललो नाही ते. पहिल्या सोमवारी ती आत गेली आणि आपण काठावर गळ टाकून बसलात. मी शेजारी बसलो. साडेचार तास. मला मासेमारीतलं काही कळत नाही, पण दहाच्या सुमाराला एवढं कळलं की आपल्या गळाला आमिष नाही. बुधवारी पाहिलं, नव्हतं. शुक्रवारी पाहिलं, नव्हतं. आपण पाण्याकडे बघतच नव्हता. आपण दुसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीकडे बघत होता. आठ महिने आपण तिथे हातात काठी धरून बसला आहात, लोकांनी विचारू नये म्हणून. आणि मी आपल्याला पत्ते खेळायला बसवलं.

मी चौतीस वर्षं बॅटऱ्यांवर नजर ठेवली, पण त्याचा मला पगार होता.

आपण पाठवलेला फोटो मिळाला. बोटीतला, मधल्या फळीवरचा, उसन्या कॅमेऱ्याने काढलेला. कान मोठे आले आहेत, पण डोळे उघडे आहेत. धाकटीचाही हसरा आला आहे. तो मी कपाटात नाही, टेबलावर ठेवला आहे.

एप्रिलची दोन पानं आली. या वेळी दोन्ही मुद्दाम घातलीत हे कळलं. धाकटीचं पान परत पाठवतो आहे. त्याला पेन लावलेलं नाही. आकडे तेवढे माझ्या वहीत उतरवून घेतले. पहिल्या तारखेला त्रेपन्न पूर्णांक दोन होतं, आणि पाणी एकही दिवस आठशेच्या वर गेलेलं नाही. तिला सांगा, मी वाचलं. पुढच्या महिन्याचंही पाठवायला सांगा.

आपलं पानही सोबत आहे. तेरा खेपा. आधी, नंतर, पाणी, सगळं तपासलं, बाराही सेलचे आकडे दोनदा ताडून पाहिले. लाल बाटली समोरच होती, भरलेली. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही.

चौतीस वर्षांत दोनदा, असं मी आपल्याला लिहिलं होतं. आता तीनदा झालं.

दादा